बंगळुरात रोजच्या बोलण्यातून कन्नड कसं शिकावं?

प्रश्न: क्लास नको. भाजीवाले, रिक्षावाले, शेजारी एवढ्यांवर भागेल का? तोंड उघडलं की समोरचा हिंदीवर येतो.

उत्तर १: पहिलं वाक्यच कन्नडमध्ये टाका, मग तो सहसा बदलत नाही. बदललाच तर 'कन्नडदल्लि हेळि' (कन्नडमध्ये सांगा) म्हणा. सुरुवात बेकु (हवं), बेड (नको), इदे (आहे), इल्ल (नाही) यांनी करा. मराठीत नको आणि नाही वेगळे असल्यानं बेड-इल्लचा घोळ होत नाही. हिंदीवाले इथेच अडतात. 'मला कन्नड येतं' हेही साच्यासकट जुळतं: ननगे कन्नड बरुत्ते. इथे 'ननगे' (मला) ऐवजी 'नानु' (मी) लावलंत की चुकलंच.

उत्तर २: भाजीवाल्याकडे गर्दी नसताना जा. 'अर्ध किलो कोडि' (द्या) एवढं पुरे, भाव विचारायला 'एष्टु?'. आकडे आधी दहापर्यंत पाठ हवेत, नाहीतर उत्तर कळणार नाही.

उत्तर ३: ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ सांभाळा. देवनागरीत लिहून पाठ केलं की हा फरक हरवतो: ऱ्हस्व ओचं कोडु म्हणजे दे, दीर्घ ओचं म्हणजे शिंग! मोठ्यांना 'बा' (ये) नाही, 'बन्नि' (या). धारवाडकडे 'बर्री' ऐकाल, तेही आदरार्थीच.