वाळवंटातली ओसाड खाणगावं : तुमचे अनुभव लिहा

परवा माळा आवरताना जुन्या बुटांतून चमचाभर वाळू सांडली. कोलमन्सकॉपची! नामिबियात ल्युडरित्झ बंदराजवळचं हे गाव. १९०८ साली रेल्वेमार्गावर काम करताना झकारियास लेवाला या मजुराला हिरा सापडला. त्याने तो साहेबाला, ऑगस्ट श्टाउखला, नेऊन दाखवला. साहेब गबर झाला. लेवालाचं काय झालं, ते विचारू नका.

तेव्हा हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता. त्यांनी मग भर वाळवंटात बर्फाचा कारखाना काढला, नाचगाण्याचा हॉल बांधला. पुढे दक्षिणेला ऑरेंज नदीच्या बाजूला मोठे साठे सापडले आणि गाव उठलं. १९५६पर्यंत सगळं सामसूम.

एका घराचं दार अर्धं वाळूत रुतलेलं. पोटावर सरपटत आत गेलो. भिंती फिक्या निळ्या, वर हातभर उंचीवर नक्षीची पट्टी, तिचा रंग अजून ताजा. वाळू मात्र थेट खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेली. छताच्या उघड्या पट्ट्यांची सावली तिच्यावर पडली होती, उन्हात गोधडी टाकावी तशी.

तुम्हीही लिहा.

*

आम्हीही गेलो होतो. सकाळीच जा, दुपारी वारा सुटला की डोळे उघडवत नाहीत. दवाखान्यात त्या काळी एक्स-रे मशीन होतं, हे ऐकून मी कौतुकाने मान डोलावली. मजुरांनी हिरे गिळलेत का, हेही त्यात बघायचे म्हणे! डोलावलेली मान तिथेच थांबली.

*

नेवाडातलं ऱ्हायोलाइट. सोन्याचं गाव, जेमतेम दहा वर्षं टिकलं. तीन मजली बँकेच्या नुसत्या भिंती उरल्यात. पण हजारो बाटल्या रचून बांधलेलं घर धड आहे. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या प्यायल्या कुणी?"

*

चिलीतलं हंबरस्टोन. सोरा, म्हणजे खतात वापरायचा क्षार, काढायचे तिथे. पगार टोकनांत, आणि टोकनं चालायची कंपनीच्याच दुकानात. ते दुकान बघताना आजोबांची वाण्याकडची वही आठवली. थिएटरच्या लाकडी खुर्च्या अजून रांगेत आहेत. मी एकीवर बसलो, करकरली, उठलो.

*

धागाकर्ते, सरपटत कशाला गेलात? तिथे वाळूत साप असतात. तिरक्या, तुटक रेघा दिसल्या नाहीत का?

*

दिसल्या होत्या हो. मला वाटलं, कुणीतरी झाडू मारलाय.