मदत हवी आहे: सॅल्मनच्या आतड्यातले जिवाणू खारेपणामुळे बदलतात की खाण्यामुळे?

सॅल्मनची पिल्लं नदीतून समुद्रात गेली की आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते, इथवर कळलं. घोडं अडलंय कारणापाशी. गोड्या पाण्यात मासा जवळजवळ पाणी पीतच नाही, समुद्रात मात्र लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी त्याला सतत प्यावं लागतं (समुद्रात राहून तहान, काय गंमत!). वर आतडं बायकार्बोनेट सोडतं, म्हणजे आतलं वातावरणही अल्कधर्मी. पण त्याच सुमारास खाणंही बदलतं ना! खाद्य तेच ठेवून फक्त पाण्याचा खारेपणा वाढवला, तर टाकीतल्या पाण्यातले जिवाणूही बदलणारच. त्यांचा परिणाम वेगळा कसा काढायचा? आणि नमुना आतड्याच्या अस्तराचा घ्यावा, की विष्ठा पुरेल? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.