अॅलिसेंटने खरंच चुकीचं ऐकलं का? देवपूरच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर शनिवारी रात्री

वहिनी, ए-३०४ (रा. ९:४८): काल 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' मालिकेचा दुसरा सीझन पाहून संपवला आणि रात्रभर तेच डोक्यात. सगळे म्हणतात, राजा व्हिसेरिस मरताना 'एगॉन' म्हणाला ते त्यांच्या मूळपुरुषाबद्दल, आणि राणी अॅलिसेंटला वाटलं त्याच नावाच्या आपल्या पोराबद्दल. तेवढ्या गैरसमजावर राज्य पेटलं म्हणे. मला हे अजिबात पटत नाही.

छोटू, बी-४०३ (९:५१): पण वहिनी, तसंच दाखवलंय ना. रेनीरा, म्हणजे राजाची आधीच्या लग्नाची मुलगी आणि त्याने नेमलेली वारस, साध्वीच्या वेशात देवळात जाऊन तिला भेटते, तेव्हा अॅलिसेंटचा चेहराच पडतो.

वहिनी, ए-३०४ (९:५३): चेहरा पडतो, आणि मग म्हणते काय? आता उशीर झाला.

छोटू, बी-४०३ (९:५४): तोवर दोन्हीकडची पोरं गेली होती ना. तिकडे रेनीराचा लुसेरिस, इकडे अॅलिसेंटच्या मुलीचा, हेलेनाचा, छोटा जेहेरिस. कशी मागे फिरणार ती?

वहिनी, ए-३०४ (१०:०२): ते कबूल. पण पहिल्या सीझनचा नववा भाग आठव. राजा गेल्यावर ती सल्लागारांच्या बैठकीत येऊन सांगते, राजाची शेवटची इच्छा अशी अशी होती. आणि तिला कळतं की हिच्या वडिलांचं, त्या ऑटोचं, आणि बाकीच्यांचं एगॉनला बसवायचं आधीपासूनच ठरलेलं आहे. हिला पत्ताच नाही! म्हणजे हिने बरोबर ऐकलं असतं तरी राज्याभिषेक एगॉनचाच होणार होता. मग त्या ऐकण्याने बदललं काय? फक्त तिच्या मनाचं. नवऱ्याचा शब्द मोडला हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं. लढाई त्या एका शब्दाने नाही लागली हो.

आणि भीती तिच्या मनात किती वर्षं आधी पेरली होती ते बघा. पाचव्या भागात ऑटो शहर सोडून जाताना पोरीला सांगून जातो की रेनीरा गादीवर बसली तर आपला हक्क पक्का करायला तुझ्या मुलांना जिवंत ठेवणार नाही. एगॉनला तयार कर, नाहीतर तिच्या दयेवर राहा. त्याच भागात ही बाई रेनीराच्या लग्नाच्या मेजवानीत हिरवा पोशाख घालून येते, राजाचं भाषण चालू असताना. आईच्या मनात एकदा असं काही बसलं की ते निघत नाही.

वकीलभाऊ, बी-२०१ (१०:१०): वहिनी, मूळ घोळ त्याच्याही आधीचा आहे. व्हिसेरिस स्वतः गादीवर कसा आला? त्यांच्या १०१ साली हॅरनहॉलच्या किल्ल्यात मोठी सभा भरली, हजारावर सरदार आले, १४ दावे ऐकले गेले. खरे दोनच. एक त्याच्या चुलत बहिणीचा, रेनिसचा, दुसरा व्हिसेरिसचा. रेनिस वंशाने जवळची, पण बाई म्हणून तिला डावललं. म्हणजे ह्याचा स्वतःचा हक्कच 'बाईला गादी नाही' ह्या निकालावर उभा. आणि ह्याने वारस नेमली ती मुलगी. नेमली ते बरोबरच केलं, पण मग तो जुना निकाल रद्द झाला असं कायद्यात आणायला नको? सरदारांकडून फक्त शपथा घेतल्या. पुढे दुसरं लग्न केलं, मुलगे झाले, आणि हा २० वर्षं गप्प.

वहिनी, ए-३०४ (१०:१२): अगदी! दोषी मी त्यालाच धरते. माणूस प्रेमळ, पण घरात काय पेटतंय ते बघायलाच तयार नाही.

आप्पा, ए-१०१ (१०:१५): बापनी जित्तेपणीच वाटणी करी टाकाले पायजे व्हती. नही ते मंग भाऊ-भाऊ कोर्टमा.

वकीलभाऊ, बी-२०१ (१०:१६): आप्पा, तुम्ही अख्खा सीझन एका ओळीत सांगितला 🙏

आप्पा, ए-१०१ (१०:१९): आमच्या थाळनेरला हेच झालं होतं. तापीकाठी तो पडका किल्ला आहे ना, लहानपणी आम्ही तिथे गुरं घेऊन जायचो. म्हातारे सांगायचे, दोन सख्खे भाऊ ह्याच किल्ल्यावरून भांडले. सर नीट सांगतील.

सर, सी-१०२ (१०:२७): आप्पा म्हणतात ते खरं आहे. खानदेशच्या फारुकी घराण्याचा मलिक राजा १३९९ साली वारला. त्याने मुलखाची वाटणी केली होती. थोरला नासिर लळिंगला, धाकटा थाळनेरला. आग्रा रोडने जाताना आपल्याला दिसतो तोच लळिंग. नासिरला निम्म्यावर समाधान नव्हतं. १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन त्याने भावाकडून थाळनेर काढून घेतलं. तेव्हा आप्पा, वाटणी करूनही भागत नाही. थोरल्याच्या मनात काय आहे त्यावर सगळं.

दुसरं एक आठवलं. वहिनी अॅलिसेंटबद्दल बोलल्या म्हणून लिहितो. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर. इकडे रायगडावर सोयराबाई आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. सरनोबत हंबीरराव मोहिते म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. फौज त्यांच्या हातात. आणि ते संभाजीराजांच्या बाजूने गेले. तिथेच विषय संपला. मालिकेतल्या वेस्टेरॉसमध्ये अॅलिसेंटच्या माहेरात असा एकही माणूस निघाला नाही.

छोटू, बी-४०३ (१०:३१): सर, अंगावर काटा आला. तिथे त्या बैठकीत विरोध दोघांनीच केला. म्हातारा खजिनदार बीस्बरी उभा राहिला, तर अॅलिसेंटचा अंगरक्षक क्रिस्टनने त्याला खाली दाबलं आणि समोरच्या दगडी गोळ्यावर डोकं आपटून तो गेला. आणि राजाच्या अंगरक्षकांच्या प्रमुखाने पांढरा झगा काढून ठेवला, म्हणजे पदच सोडलं.

वहिनी, ए-३०४ (१०:३६): मला सगळ्यात वाईट एगॉनचं वाटतं. त्याला राज्य नकोच होतं. देवळात लपून बसलेल्याला शोधून आणला. गाडीत आईला विचारतो, तू माझ्यावर प्रेम करतेस का? आणि ती म्हणते, मूर्खा. नंतर लोकांनी जयजयकार केला तेव्हा त्याचा चेहरा बघा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तो हवासा वाटतोय! तिथून तो बिघडला.

छोटू, बी-४०३ (१०:४०): आणि त्याला जाळलं सख्ख्या भावाने. एमंडच्या मनात गादी तेव्हापासून होती का? मी पुस्तक वाचलंय, पण सांगत नाही.

वकीलभाऊ, बी-२०१ (१०:४१): सांगू नकोसच!! मागच्या वेळी तू रेनिसचं फोडलंस.

वकीलभाऊ, बी-२०१ (१०:४६): मी फक्त पडद्यावर दिसलं त्यावर बोलतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात हेलेना एमंडला सांगते की एगॉन पुन्हा राजा होईल, लाकडी सिंहासनावर बसेल, आणि तू गॉड्स आय सरोवरात गडप होशील. आता लाकडी का? लोखंडी सिंहासनाला केवढ्या पायऱ्या. जळाल्यावर एगॉनचे पाय कामाचे राहिले नाहीत, तो चढणार कसा? म्हणून त्याच्यासाठी खाली लाकडी आसन ठेवतील. म्हणजे तो राजधानीत परत येणार. आणि अॅलिसेंट तर त्याच रात्री रेनीराला त्याचं डोकं कबूल करून बसलीय.

छोटू, बी-४०३ (१०:४७): 🤐

आप्पा, ए-१०१ (१०:५०): पोऱ्या गप बसना म्हणजे वकीलभाऊनं खरं शे.

वहिनी, ए-३०४ (१०:५२): थांबा, मी पहिल्या सीझनच्या आठव्या भागाचा शेवट, राजाच्या मरणाचा, पुन्हा लावते.

सेक्रेटरी, सी-३०१ (१०:५४): सकाळी ७ ते ८ पाणी येईल, मोटर लावायची आठवण. बाकी चालू द्या, मीही वाचतोय.

वहिनी, ए-३०४ (११:२१): पाहिलं. दोनदा पाहिलं. राजाचा अर्धा चेहरा गेलेला, बोलताना श्वास पुरत नाही. तो तिला रेनीरा समजूनच बोलतोय. एगॉनचं स्वप्न म्हणतो, राज्य एकत्र ठेवायचंय म्हणतो, ते तूच करायचंस म्हणतो. ती उशाशी बसून म्हणते, समजलं महाराज. आणि दिवा घेऊन निघते. इतकी वर्षं ह्या माणसाच्या जखमा धुतलेली बाई, त्याचं भान कुठे असतं ते तिला ठाऊक. तरी 'कोणता एगॉन' हे तिने विचारलं नाही.

सर, सी-१०२ (११:२४): विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, वहिनी. त्याच दिवशी प्रश्न त्याच्या नातवाच्या, रेनीराच्या लुसेरिसच्या हक्काचा होता. त्या लुसेरिससाठी काठी टेकत दरबारात आला होता. मुकुट घरंगळला तो त्याच्या भावाने, डेमनने उचलून घातला. त्याचं मन कुणाकडे आहे हे सगळ्या दरबाराने पाहिलं.

वहिनी, ए-३०४ (११:२६): तिनेही पाहिलं, सर. ती समोरच उभी होती.