टोमॅटोची व्हरायटी: तुम्ही काय लावता, आणि चव कुठं गेली?

कपिलतीर्थ_गल्ली
काल मार्केटात एका मावशींच्या बुट्टीत चपटे, घड्या पडलेले, देठाशी हिरवे राहिलेले टोमॅटो दिसले. पाव किलो घ्यायला वाकले आणि दीड किलो घेऊन आले. रिक्षात पिशवीला वास येत होता. टोमॅटोला वास असतो हेच मी विसरून गेले होते!

आज्जीच्या परड्यात न्हाणीच्या पाण्यावर असलेच वेल पसरलेले असायचे. ना काठी, ना तार. शाळेतनं आलं की एक तोडायचा, कांदालसूण चटणीत बुडवायचा आणि उभ्या उभ्या खायचा. दात आंबायचे, फ्रॉकवर डाग पडायचे, त्याबद्दल धपाटा वेगळा. बी ती राखेत घोळून चिंधीत बांधून ठेवायची. ती गेली, मग घर पाडलं, चिंधीचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता माझ्या गच्चीत तीन कुंड्यांत हायब्रीड आहे. लालभडक, एकसारखं, पंधरा दिवस ओट्यावर ठेवलं तरी हूं की चूं नाही. चवीला मात्र पाणी. तुम्ही काय लावता? शेतात, कुंडीत, कुठंही. लिहा.

शिरोळची_मळी
ताई, चव तुम्हाला, आम्हाला कॅरेट (माल भरायचे क्रेट). राग मानू नका.
व्यापारी अंगठ्यानं दाबून बघतो. माल दबला की भाव पडला. तुमच्या आज्जीचा टोमॅटो आमच्या मळ्यातनं मार्केट यार्डात जाईपर्यंत सार होईल. म्हणून जाड सालीचं, लांबट, कडक फळ लावायचं.
आणि त्याच्याही आधी व्हायरस बघायचा. एक साल रोपवाटिकेतनं रोपं आणली, दिसायला झकास. चाळीस दिवसांत निम्मा प्लॉट बोकड्या. पानं वाटीसारखी वळली, फूल धरंना. पांढरी माशी रोपांबरोबरच आली होती. तार, काठी, मल्चिंग सगळं घालून झालेलं. ३० गुंठ्यांत बायकोच्या भिशीचे पैसे पण गेले, ते अजून काढते ती.
पुढच्या साली अर्का रक्षक लावला, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा. लीफ कर्ल (तोच बोकड्या), जिवाणूची मर म्हणजे झाड उभ्या उभ्या सुकणं, आणि लवकरचा करपा, तिन्हीला दम धरतो. फवारणी अजिबात लागत नाही असं नव्हे, पण रात्री झोप लागते. आता रोपं स्वतःच करतो, बारीक जाळीच्या आत. चव? घरात कुणी तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकली नसती 😄

राजारामपुरी_टेरेस
माझी पुसा रुबी. जुनी जात आहे, सरळ वाण, त्यामुळं घरचं बी धरता येतं. पातळ साल, थोड्या घड्या, आंबट. पाच कुंड्यांत आमचं चौघांचं भागतं. रोगाला मात्र अगदीच नाजूक, करपा खालच्या पानांपासून चढतोच.
पहिल्या वर्षी फळांचे बुड काळे पडले तेव्हा मी रोग समजून काय काय फवारलं. नंतर कळलं, फळाला कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा कारण आपलं पाणी घालणं असतं. मी दोन दिवस विसरायचे आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायचे. तडकायचेही त्यामुळंच. रोज थोडं घालायला लागल्यावर थांबलं. अंड्याची टरफलं कुस्करून घातली होती, ती मुंग्यांनी नेली.

पुण्यात_पडलेला_कोल्हापुरी
कांदालसूण चटणीत बुडवून... का लिहिलंत ओ हे. ऑफिसात बसलोय.
एक विचारू? तांबड्या रश्शात टोमॅटो घालतात का? इथं रूममेट म्हणतो घालतात.

राजारामपुरी_टेरेस
@पुण्यात_पडलेला थोडा घालतो आम्ही वाटणात.

शिरोळची_मळी
आमच्यात न्हाई.

निपाणी_नाका
रश्शाचं नंतर बघा. माझ्या मामाचं सांगतो.
कागलकडं तंबाखूच्या रानाशेजारी मामानं टोमॅटो केला. पानांवर पिवळी-हिरवी नक्षी, झाडं खुजी. औषधं बदलून बदलून कंटाळला. शेवटी एक कृषी सहायक बांधावर आले, झाडं बघायच्या आधी मामाचा हात बघितला. मामा दिवसभर तंबाखू मळायचा आणि त्याच हातानं बांधणी! तंबाखूतला मोझॅक व्हायरस हातानं पसरतो म्हणे, वाळलेल्या तंबाखूत सुद्धा टिकून राहतो. साबणानं हात धुवून रानात जायचं असा हुकूम झाला.
मामानं काय केलं? टोमॅटो सोडला.

कपिलतीर्थ_गल्ली
😂😂 मामांना नमस्कार सांगा

चंदगडी_माणूस
आमच्याकडं पाऊस हाच रोग. खरिपात टोमॅटो म्हणजे जुगार. आठ दिवस सूर्य नाही, धुकं, गारठा, मग उशिराचा करपा येतो तो बघून घाबरायला होतं. शनिवारी पानावर तेलकट डाग, मंगळवारी प्लॉट उकडल्यागत. आयर्लंडात १८४५ साली बटाटा ज्यानं खाल्ला तोच हा. म्हणून आता उन्हाळी आणि रब्बीच करतो.
पाणी साठणाऱ्या तुकड्यात वांग्याच्या मुळावर कलम केलेली रोपं लावून बघितली. महाग पडतात. पण पाण्यात उभी राहिली, मर नाही. उरलेल्या बिनकलमी दोन सरी गेल्या. एवढ्यावरनं निष्कर्ष काढू नका, एकाच हंगामाचं आहे.

मिसळ_आणि_मी
आमच्या वैनी विदर्भातल्या. त्या टोमॅटोला भेदरं म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या "भेदरं आणा", आमचे बंधू अर्धा तास मंडईत भेदरल्यागत फिरले.
विषयाचं काय लिहू, मी फक्त खातो.

कृषी_पदवीधर_पण_बँकेत
ती हिरवी मान, म्हणजे देठाजवळचा हिरवा भाग, तिथंच मेख आहे. सगळं फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून पैदासकारांनी हिरवी मान नसलेली झाडं निवडत नेली. २०१२ मध्ये संशोधनातनं कळलं की त्यात एक जनुक बंद पडतं, त्यामुळं कच्च्या फळातलं हरितद्रव्य कमी होतं आणि साखरही थोडी कमी बनते. म्हणजे रंगासाठी गोडी गेली. सगळा दोष ह्या एकाच जनुकाचा नाही, कच्चं तोडणं आणि फ्रीज पण आहेतच. फ्रीजमध्ये वास मरतो. ओट्यावर ठेवा.
बियाण्याच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात ती वाचत जा. दोन प्रकारच्या मरी आणि मुळावर गाठी करणारी सूत्रकृमी, ह्यांना प्रतिकार आहे एवढाच अर्थ. करपा किंवा लीफ कर्ल त्यात येत नाही. दुकानदार "सगळ्याला चालतंय" म्हणतो.

शिरोळची_मळी
सर बँकेत कशाला गेलात

कृषी_पदवीधर_पण_बँकेत
वडिलांचा टोमॅटो रस्त्यावर ओतलेला बघितला होता.

शिरोळची_मळी
🙏 आमचाही ओतलाय. आणि २०२३ च्या जुलैत किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा माझा प्लॉट जूनमध्येच उपटून झालेला.

चंदगडी_माणूस
सेम. आणि २०२० च्या मे महिन्यात तो "तिरंगा व्हायरस". रोग झाडाचा, माणसाला काही नाही, तरी लोकांनी खाणं सोडलं. एक पाहुणे फोन करून विचारत होते, तुमची तब्येत बरी आहे ना.

पुण्यात_पडलेला_कोल्हापुरी
रश्शाचं कुणी नक्की सांगेल का, शंभर रुपयांची पैज आहे

राजारामपुरी_टेरेस
@कपिलतीर्थ_गल्ली त्या चपट्यांचं बी काढलंत ना? गरासकट ग्लासात दोन-तीन दिवस ठेवा, वर फेस येईल, वास मारेल, मग धुवून सावलीत वाळवा. मला थोडं द्या. पुसा रुबी देते बदल्यात.

कपिलतीर्थ_गल्ली
काढलं होतं! ग्लास बेसिनजवळ ठेवला होता. आज सकाळी ह्यांनी काहीतरी नासलंय म्हणून ओतून, ग्लास घासून उपडा ठेवला. वर मलाच सांगितलं, "तुझं काम केलं बघ."
उरलेल्यांचं काल सार झालं.

निपाणी_नाका
भाऊजी 😭 मावशी कुठल्या गावच्या? त्यांच्याकडंच बी मागा की.

कपिलतीर्थ_गल्ली
तेच तर विचारलं नाही. उद्या परत जाते सकाळी, बसल्या असल्या तर.

मिसळ_आणि_मी
सार कसं झालं पण?