कोलायटिस आहे, कोलोनोस्कोपीआधी पोट साफ होत नाही – मदत हवी आहे

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणारा दीर्घकाळचा आजार) होऊन ९ वर्षं झाली. सध्या आजार शांत आहे, मेसालाझिन आणि अझाथायोप्रिन ही औषधं चालू आहेत. या आजाराला साधारण ८ वर्षं झाली की आतड्यात कर्करोगाच्या आधीचे बदल दिसतात का, हे पाहायला ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करावी लागते. माझी तशी पहिली तपासणी मागच्या महिन्यात झाली आणि वाया गेली, कारण पोट नीट साफ झालं नव्हतं.

पोट साफ करायला ४ लिटर पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पाण्यातून घ्यायचं रेचक दिलं होतं, सगळं आदल्या संध्याकाळीच संपवायचं. दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. सहा ग्लास नेटाने प्यायले. सातव्यापासून त्या खारट-लिंबट वासानेच उमासे यायला लागले आणि दहावा उलटून पडला. जगमध्ये दीड लिटर तसंच राहिलं. रात्री दोन वाजता होत होतं ते पिवळं, नितळ पाणीच होतं, म्हणून वाटलं की झालं आता. सकाळी ११ वाजता तपासणी होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की उजव्या बाजूला चिकट थर होता, बोस्टन स्केलवर (आतडं किती साफ आहे ते मोजायची पद्धत) त्या भागाला ३ पैकी १च गुण. कोलायटिसमध्ये हे बदल बरेचदा सपाट असतात, गाठीसारखे वर आलेले नसतात, त्यामुळे थराखाली असले तर दिसतच नाहीत. आता पुन्हा करायची आहे, या वेळी सपाट बदलही दिसावेत म्हणून आतून निळा रंग फवारून.

खरं सांगायचं तर मला दुर्बिणीची भीती वाटत नाही, आदल्या रात्रीची वाटते. आम्हाला जुलाब म्हणजे आजार उलटल्याची खूण. तोच मुरडा, तेच धावत जाणं. औषधानेच होतंय हे डोक्याला कळतं, पण मन ऐकत नाही. मागच्या वेळी पुढचे चार दिवस मी प्रत्येक वेळी रक्त दिसतंय का ते बघत होते.

ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांनी यातून वाट काढली आहे, त्यांनी कृपया सांगा. औषध दोन हप्त्यांत, म्हणजे अर्धं संध्याकाळी आणि अर्धं सकाळी, घेतलं तर फरक पडतो का? व्हिटॅमिन सी असलेलं २ लिटरवालं आम्हाला चालतं का? एकाने सोडियम फॉस्फेटच्या गोळ्या सुचवल्या, पाणी कमी प्यावं लागतं म्हणून. आणि गुदद्वाराची जी आग होते, तिचं काय करता?

प्रतिसाद १
ताई, मला क्रोन्स (आतड्याला सूज येणारा असाच दुसरा आजार) आहे, आतापर्यंत सहा वेळा कोलोनोस्कोपी झाली. फॉस्फेटच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी आतड्यात बारीक व्रण उठू शकतात, ते आपल्या आजाराच्या व्रणांसारखेच दिसतात आणि डॉक्टरांची दिशाभूल होते. मूत्रपिंडालाही धोका असतो. दोन हप्त्यांनी मात्र खूप फरक पडतो. रात्री साफ झालेलं पोट सकाळपर्यंत तसं राहत नाही. लहान आतड्यातला पाझर खाली उतरतो आणि उजव्या बाजूलाच साचतो. तुमचं बहुधा हेच झालं असावं. मी अर्धं संध्याकाळी घेतो आणि अर्धं तपासणीच्या पाच तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवतो. गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या भागावर घ्यायचं. झिंक ऑक्साइडचं मलम पहिल्या ग्लासच्या आधी लावा. आग सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही. कागदाने पुसू नका, पाण्याने धुऊन टिपून घ्या.

माझं आतडं एका ठिकाणी अरुंद आहे, म्हणून हेही लिहितो. कुणाला तसं असेल तर औषध लिहून घेतानाच सांगा. पोट फुगून टणक झालं, उलट्या सुरू झाल्या आणि खालून काहीच होत नसेल, तर पुढचा ग्लास घेऊ नका, लगेच फोन करा.

प्रतिसाद २
मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. २ लिटरवालं बऱ्याच रुग्णांना देतात, पण त्यासोबत साधारण १ लिटर नितळ पेय वेगळं प्यावं लागतं, ते लोक विसरतात. तुमची मागची तयारी फसली होती हे आवर्जून सांगा, त्यावरून औषध आणि प्रमाण ठरवतील. उलटी थांबवणारी गोळी पहिल्या ग्लासच्या अर्धा तास आधी घेता येईल का, ते विचारून घ्या. उलटी झालीच तर अर्धा तास थांबून हळूहळू पुन्हा सुरू करतात. सोडून देत नाहीत. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायच्या असतात, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. अझाथायोप्रिन मनाने बंद करू नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकही घेऊ नका. तीन दिवस बिया, साली, कोंडा बंद. लाल-जांभळं पेय नको, आत रक्तासारखं दिसतं.

आणखी एक. कोलायटिस डावीकडचा असेल तर उजवीकडे मळ साचून राहू शकतो, रोज दोनदा होत असलं तरी. तुमचा कुठला आहे?

धागाकर्ती
डावीकडचाच आहे! आणि हे मला ९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आज विभागात फोन करून सगळं सांगितलं. २ लिटरवालं, दोन हप्त्यांत, आणि चार दिवस आधीपासून रोज थोडं सौम्य रेचक, असं ठरलं. उलटीची गोळीही लिहून दिली. दुसरा हप्ता पहाटे ६ ला सुरू करायचा आहे.

आता एकच विचारते. घरापासून तिथे पोचायला पाऊण तास लागतो. सकाळचा हप्ता संपल्यावर किती वेळाने घराबाहेर पडता येतं?

प्रतिसाद १
माझं शेवटच्या ग्लासनंतर तास-दीड तासात शांत होतं. तरी पॅड लावूनच निघतो आणि जास्तीचे कपडे सोबत ठेवतो. ८ पर्यंत संपवा, साडेनऊला निघा.