जुन्या खाणींवरचे कामगार राहायचे कुठे?

पिसुर्ले_वाट:
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. आमच्याकडे लोखंडाच्या खाणींबद्दल जे वाचायला मिळतं ते सगळं टन, बार्ज (खनिज नेणाऱ्या सपाट बोटी) आणि कोर्टाची बंदी, २०१२ पासून तर तेवढंच. पण अगदी सुरुवातीला, ५०-६०च्या दशकात, रस्ता नाही लाईट नाही अशा डोंगरावर जी माणसं कामाला आली ती झोपायची कुठे, पाणी कुठनं आणायची, बायकापोरं बरोबर असायची का? डोंगरच कापले गेलेत, जाऊन बघण्यासारखं काही उरलं नाही. घरात कोणी सांगणारं असेल तर प्लीज विचारून लिहा.

डिचोलीची_सून:
माझ्या सासूबाई शिरगावच्या बाजूला खाणीवर खनिजाच्या पाट्या उचलायच्या, त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते. बराच माल हातानेच निघायचा, पुरुष पिकाव मारणार, बायका हातोडीने फोडून चांगला दगड निवडणार आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत नेणार. जवळच्या गावातल्या बायका संध्याकाळी घरी यायच्या, वस्ती असायची ती कारवार-बेळगावकडून आलेल्यांची. घर म्हणजे चार मेढी, कुडाच्या भिंती, वर माडाची झापं नाहीतर गवत. काही ठिकाणी कंत्राटदाराने पत्र्याची लांब शेड दिलेली, मध्ये गोणपाट लावून एकेका कुटुंबाची जागा, तिथेच चूल तिथेच अंथरूण. एप्रिलात पत्रा असा तापायचा की सगळे बाहेर झोपायचे. पाणी खालच्या झरीवरून, म्हणजे दिवसभर पाट्या उचलून परत घागर डोक्यावर. बायकांचं हे काम कुठल्याच हिशेबात धरलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि पुढे खाणी खोल गेल्या तशा शिरगावातल्या विहिरीपण आटल्या.

सावर्डे_स्टेशन:
ताईंनी छान लिहिलंय. यात पाऊस धरायलाच हवा. पावसात खड्डे भरायचे, आग्वादजवळचं मांडवी नदीचं मुख बंद म्हणजे मांडवीतले बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत न्यावे लागायचे, काम मंदावलं की बरीच माणसं पेरणीला गावी जायची. मागे राहिलेली झोपडी पावसाने बसायची, परत आल्यावर नवीन बांधायची, शिवाय माल संपला की वस्ती पुढच्या डोंगरावर. मग पक्कं घर बांधणार कोण आणि कशासाठी? आमच्या बाजूला रिवण-सांगेकडे मँगनीजच्या खाणी होत्या, तिकडे तर जंगलच, ताप आला की माणसाला पाळण्यात घालून खाली आणायचे असं जुने लोक सांगतात. त्यात गोवा पोर्तुगीजांकडे होता, १९५५ नंतर भारताने सीमा बंद केली तेव्हा पलीकडून आलेल्यांना गावी जाणंपण कठीण.

मुंडकार_अभ्यासक:
घरं कच्ची राहिली त्यात हक्काचापण भाग आहे. १९६१ला पोर्तुगीज गेले, त्या मुक्तीनंतर खनिजावरच्या उपकरातून कामगारांच्या सोयी आल्या, उसगाव-तिस्कचं हॉस्पिटल त्यातलंच. पण १९७५चा मुंडकार कायदा आला, ज्याने भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, संरक्षण दिलं, त्यात खाणमालकाच्या जागेत नोकरीमुळे राहणाऱ्याला मुंडकार धरलेलंच नाही. म्हणजे आयुष्य तिथे काढलं तरी काम सुटलं की घर सुटलं. माझ्या मते हा सगळ्यात मोठा अन्याय, खाणीच्या धुळीपेक्षा मोठा. पिसुर्ले_वाट, तुमच्या भागातल्या जुन्या सर्व्हे नंबरांचे एक-चौदाचे उतारे (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) काढा आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणाची नावं आहेत ते बघा, कामगारांपैकी कोणी सापडलं तर इथे नाव न टाकता फक्त गाव लिहा.