अकरावी मानसशास्त्र: स्मृतीचं संशोधन मुलींच्या अभ्यासात कसं उतरवायचं?

प्रश्न (कोथरूड): जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने १८८५ मध्ये मांडलेला विस्मरणाचा वक्र (शिकलेलं काळानुसार किती विसरतं, त्याचा आलेख) माझ्या विद्यार्थिनी अचूक काढतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडच पुन्हा पुन्हा वाचत बसतात. जीव तुटतो. तुम्ही काय करता?

उत्तर (सदाशिव पेठ): मॅडम, रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग वर्गातच करा. उतारा एकच. अर्ध्या मुली तो परत परत वाचतील, उरलेल्या एकदा वाचून, कागद उलटा ठेवून आठवेल ते लिहितील, तेही तीनदा. पाच मिनिटांनी विचारलंत तर वाचणाऱ्याच पुढे असतील. तिथे थांबू नका! आठवड्याने विचारा. मूळ प्रयोगात तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

उत्तर (हडपसर): रोजच्यासाठी तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे तीन प्रश्न, पाठकोऱ्या कागदावर. गुण अजिबात नकोत. गुण आले की नजर शेजारणीच्या कागदावर जाते.

प्रश्नकर्ती: पाठकोरे कागद स्टाफरूममध्ये ढिगाने आहेत. उतारा स्मृतीच्याच प्रकरणातला घेऊ?

उत्तर (सदाशिव पेठ): नको, काहींचा तो क्लासला झालेला असतो. मूळ प्रयोगात सूर्य आणि सागरी पाणमांजर यांवरचे उतारे होते. तुम्ही खडकवासला धरणावरचा घ्या.